गाणं पोचलं, नाव वाटेत राहिलं

एरिक बोगल हे नाव लोकसंगीताच्या वर्तुळाबाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही. त्याची दोन गाणी मात्र आयर्लंडच्या पबपासून जर्मनीतल्या शांतता मेळाव्यांपर्यंत गायली जातात, आणि गाणाऱ्यांपैकी कित्येकांना ती जुनी लोकगीतंच वाटतात. बोगल १९४४ साली दक्षिण स्कॉटलंडमधल्या पीबल्स या छोट्या गावात जन्मला. १९६९ मध्ये तो ऑस्ट्रेलियात गेला आणि कॅनबेरात हिशेबाचं काम करू लागला. गाणी लिहायची ती नोकरी सांभाळून. १९७१ साली त्याने पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या लढाईत पाय गमावलेल्या एका सैनिकाच्या तोंडून सांगितलेलं गाणं लिहिलं, ‘अँड द बँड प्लेड वॉल्टझिंग मॅटिल्डा’. आधी त्याची आठ कडवी होती, काटछाट करून पाच ठेवली. १९७४ मध्ये ब्रिस्बेनच्या राष्ट्रीय लोकसंगीत महोत्सवातल्या स्पर्धेत या गाण्याला तिसरा क्रमांक मिळाला.

पुढचा प्रवास गाण्याने एकट्याने केला. चॅनल आयलंड्समधल्या एका गायिकेने ते ब्रिस्बेनमध्ये ऐकलं, ध्वनिमुद्रण मागवून घेतलं आणि इंग्लंडमधल्या एका महोत्सवात गायलं. तिथे ते जून टेबर या इंग्लिश लोकगायिकेच्या कानावर पडलं आणि १९७६ मध्ये तिच्या तबकडीवर आलं. त्याच वर्षी बोगल ब्रिटनला गेला, तर एका फोक क्लबने त्याला ‘त्या गाण्याचा लेखक’ म्हणून गायला बोलावलं. आपलं गाणं आपल्याआधी इथे येऊन स्थिरावलंय, हे त्याला तेव्हा समजलं.

दुसरं गाणं ‘नो मॅन्स लँड’, १९७६ चं, पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या दफनभूमी पाहून लिहिलेलं. फ्युरीज बंधू या आयरिश गायकांनी ते ‘द ग्रीन फील्ड्स ऑफ फ्रान्स’ या नावाने आयर्लंडमध्ये घराघरांत नेलं. कित्येक लोक त्याला सरळ ‘विली मॅकब्राइड’ म्हणतात. जर्मन गायक हानेस वाडर याने १९८० मध्ये त्यावरून जर्मन गाणं केलं, त्याचं नाव आणखी वेगळं. गाणं एक, नावं चार. परदेशी राहणाऱ्या कमी नावाच्या गायकाच्या कारकिर्दीतली सगळ्यात मोठी अडचण हीच असते. गाणं पोचतं, पण त्याच्यामागून नाव आणि पैसा पोचण्यासाठी जी साखळी लागते तिची एखादी कडी निसटलेली असते. ही साखळी कशी जोडायची, ते आज जर्मनीत राहणाऱ्या स्कॉटिश गायक-गीतकाराच्या उदाहरणाने नीट सांगता येतं.

जर्मनीच का, तर तिथे ऐकणारा वर्ग तयार आहे. १९६४ ते १९६९ या काळात हुन्सरुक भागातल्या बुर्ग वाल्डेक इथे झालेल्या महोत्सवांनी स्वतः लिहून गिटारवर गाणाऱ्यांची एक पिढीच उभी केली. अशा माणसाला जर्मन भाषेत ‘लीडरमाखर’ म्हणतात, म्हणजे गाणी घडवणारा. गावोगावी ‘कुल्टुरफेराइन’ आहेत, म्हणजे सभासदांच्या वर्गणीवर आणि नगरपालिकेच्या थोड्याफार मदतीवर चालणारी सांस्कृतिक मंडळं. ऐंशी खुर्च्यांचं सभागृह, एक चांगला दिवा, दोन मायक्रोफोन, आणि गाणं चालू असताना कुजबूजसुद्धा न करणारे श्रोते. स्कॉटिश गायकांना ही वाट नवी नाही. ग्लासगोचा अ‍ॅलेक्स कॅम्पबेल पॅरिसच्या रस्त्यांवर गात पुढे आला आणि शेवटी डेन्मार्कमध्ये राहिला, १९८७ मध्ये तिथेच वारला. कलकत्त्यात जन्मलेला हेमिश इम्लाख वर्षानुवर्षं जर्मनी आणि डेन्मार्कचे दौरे करत राहिला. युरोपच्या मुख्य भूमीवर या दोघांना जेवढं प्रेम मिळालं, त्या मानाने मायदेशी त्यांची नोंद तोकडीच आहे.

आता साखळीची पहिली कडी, गाण्याची नोंदणी. लेखक-संगीतकाराचे सादरीकरणाचे हक्क ब्रिटनमध्ये पीआरएस ही संस्था सांभाळते, जर्मनीत गेमा. बर्लिन किंवा कोलोनला राहायला गेलं म्हणून पीआरएस सोडावी लागत नाही. दोन्ही संस्थांमध्ये परस्पर करार आहे, गेमा जर्मनीत वसुली करते आणि रक्कम पीआरएसमार्फत लेखकाकडे जाते. यात काही महिने उशीर होतो आणि मधल्या खर्चाची कपात होते. ज्याचे नव्वद टक्के कार्यक्रम जर्मनीतच होतात त्याने गेमाचं थेट सभासद व्हावं, असं माझं मत. हक्क प्रदेशानुसार वाटताही येतात, म्हणजे जर्मनीपुरते गेमाकडे आणि बाकी जगाचे पीआरएसकडे. मात्र एकाच प्रदेशातला एकच हक्क दोघांकडे देता येत नाही. तसं झालं तर दोन्हीकडे दावा अडकतो आणि वाद मिटेपर्यंत पैसे कुणालाच मिळत नाहीत.

नोंदणी करताना सगळ्यात जास्त चुका होतात त्या शीर्षकात. अर्जात पर्यायी शीर्षकांसाठी वेगळी जागा असते आणि बहुतेक जण ती रिकामी सोडतात. ‘नो मॅन्स लँड’सारखं गाणं चार नावांनी फिरत असेल तर चारही नावं तिथे हवीत. स्कॉट्स बोलीतलं शीर्षक असेल तर लोक ज्या चुकीच्या स्पेलिंगने ते लिहितात तीही नावं घालावीत. जर्मन निवेदक किंवा आयोजक कानाला जसं ऐकू आलं तसंच लिहितो. नोंद झाली की त्या रचनेला आयएसडब्ल्यूसी क्रमांक मिळतो, ‘टी’ अक्षर आणि पुढे दहा आकडे. लेखकाला स्वतःचा आयपीआय क्रमांक असतो, अकरा आकडी. सहलेखक असेल तर हिश्शांची बेरीज बरोबर शंभर टक्के झाली पाहिजे. एकाने ५० आणि दुसऱ्याने ६० लिहिले की नोंद लटकली. हे गाणं पुरं झाल्या दिवशीच कागदावर ठरवून टाकावं, कारण दोन वर्षांनी दोघांच्याही आठवणी वेगळ्या निघतात आणि दोघंही प्रामाणिक असतात.

पारंपरिक गाण्यांचं तंत्र वेगळं. ब्रिटन आणि जर्मनी दोन्हीकडे लेखकाच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षं कॉपीराइट राहतो. स्कॉटलंडचा लाडका कवी रॉबर्ट बर्न्स १७९६ मध्ये गेला, त्याचे शब्द कुणीही गावेत. त्यावर स्वतःची खरीखुरी नवी बांधणी केली असेल तर तेवढ्या बांधणीची नोंद करता येते. पण एखादं गाणं जुनाट वाटतं म्हणून यादीत त्याच्यापुढे ‘पारंपरिक’ असं लिहिणं हा एका जिवंत माणसाच्या ताटातला घास काढून घेण्याचा प्रकार आहे. बोगलच्या गाण्यांच्या बाबतीत हे सर्रास घडू शकतं. भाषांतराचंही तसंच. ज्या गाण्याला अजून कॉपीराइट आहे त्याची जर्मन आवृत्ती करायची तर प्रकाशकाची परवानगी आधी, ध्वनिमुद्रण नंतर.

आता कार्यक्रमाच्या जागेचा घोळ. ‘मी फक्त माझीच गाणी गाणार आहे, तेव्हा गेमाच्या शुल्काचा प्रश्न नाही,’ असं गायक आयोजकाला सांगून मोकळा होतो. हे चूक आहे. गायक पीआरएसचा सभासद असेल तर त्याची स्वतःची गाणीसुद्धा जर्मनीत गेमाच्याच कक्षेत येतात. शिवाय जर्मन न्यायालयांनी मान्य केलेलं गृहीतक असं, की सार्वजनिक ठिकाणी वाजलेलं संगीत गेमाच्या यादीतलं आहे असं धरून चालायचं, नसेल तर आयोजकाने सिद्ध करायचं. आयोजकाने आगाऊ कळवलं नाही तर त्याला वाढीव रक्कम भरावी लागते आणि पुढच्या वर्षी तो त्या गायकाला बोलावत नाही. घरगुती बैठकींबद्दलही हीच गफलत होते. दिवाणखान्यात तीस माणसं बसली, पण ती यजमानाच्या ओळखीची नसून जाहिरात वाचून आली असतील, तर कायद्याच्या दृष्टीने तो सार्वजनिक कार्यक्रम.

गेमाचं शुल्क आयोजक भरतो, पण कोणती गाणी झाली ती यादी गेली नाही तर त्या शुल्कातलं लेखकाच्या नावावर काही पडत नाही. रक्कम लहान असते, हे खरं. पण वर्षाला साठ कार्यक्रम, प्रत्येकी सोळा-सतरा गाणी, म्हणजे हजाराच्या आसपास नोंदी होतात. त्या न पाठवणं म्हणजे स्वतःच्या कामाची हजेरीच न मांडणं.

रचना आणि ध्वनिमुद्रण या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे मुद्दाम सांगावं लागतं. ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा ओळखीचा कोड लागतो, बारा अक्षर-आकड्यांचा. पहिली दोन अक्षरं आणि पुढची तीन मिळून कोड कुणाच्या नावे दिला ते दाखवतात, मग वर्षाचे दोन आकडे, मग पाच आकडी अनुक्रमांक. ब्रिटनमध्ये तो पीपीएल या ध्वनिमुद्रणाचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेकडून मिळतो. स्टुडिओतल्या मुद्रणाला एक, त्याच गाण्याच्या मैफलीतल्या मुद्रणाला दुसरा. अल्बममधलं तेच मुद्रण पुढे संग्रहात घेतलं तर मात्र कोड जुनाच ठेवायचा. नवा दिला की ऐकल्याची मोजणी दोन ठिकाणी विभागते.

स्कॉटिश गायकाला आणखी एक त्रास असतो तो नावाचा. मॅकडोनाल्ड, कॅम्पबेल, स्ट्युअर्ट, रॉबर्टसन ही आडनावं, त्यात इअन, जेम्स, अ‍ॅलन ही पहिली नावं. स्ट्रीमिंग सेवांवर एकाच नावाचे तीन कलाकार एका पानावर जमा होतात आणि कॅनडातल्या कुणाचा तरी नृत्यसंगीताचा अल्बम आपल्या गाण्यांशेजारी येऊन बसतो. पहिला अल्बम वितरकाकडे देताना ‘आधीच्या पानाला जोडा’ आणि ‘नवं पान करा’ हे दोन पर्याय असतात, तिथे घाईत चुकीचं बटण दाबलं जातं. नंतर वेगळं करायला आठवडे लागतात. आयएसएनआय हा कलाकाराच्या ओळखीचा सोळा आकडी क्रमांक काढून घेतला तर ओळख पटवणं सोपं जातं. मधलं नाव किंवा आद्याक्षर पहिल्याच दिवसापासून वापरणं त्याहून सोपं.

आता प्रत्यक्ष संध्याकाळ. जर्मन मंडळाची ठरलेली पद्धत म्हणजे पंचेचाळीस मिनिटांचे दोन भाग आणि मध्ये वीस मिनिटांची विश्रांती. एका भागात आठ, फार तर नऊ गाणी बसतात, कारण प्रत्येक गाण्याआधी बोलावं लागतं. इंग्रजी बहुतेकांना येतं, स्कॉट्स येत नाही. ‘बेर्न’ म्हणजे मूल, ‘ड्रीख’ म्हणजे ओलं, करडं, कंटाळवाणं हवामान, असे कडव्यातले दोन-तीन अवघड शब्द निवडून ते जर्मनमध्ये सांगावेत, चाळीस सेकंदांत. संपूर्ण गोष्ट आधीच सांगितली की गाण्याला करण्यासारखं काही उरत नाही. चार शब्द दिले की माणसं पुढे वाकून ऐकतात आणि तो शब्द आला की त्यांचे चेहरे उजळतात. दुसऱ्या भाषेत ऐकणाऱ्यासाठी सहा मिनिटांचं गाणं फार लांब होतं. बोगलने आठाची पाच कडवी केली ती का टिकली, हे अशा सभागृहात बसल्यावर कळतं.

गिटारचं सांगायचं तर या गाण्यांना डॅडगॅड ट्यूनिंग, म्हणजे तारा लावायची एक वेगळी पद्धत, फार मानवतं. साठच्या दशकात डेव्ही ग्रॅहम या ब्रिटिश गिटारवादकाने ते रूढ केलं. जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत डी, ए, डी, जी, ए, डी. नेहमीच्या ट्यूनिंगमधून यायचं तर सहावी, दुसरी आणि पहिली तार प्रत्येकी एक पूर्ण स्वर उतरवायची, बाकी तीन जागच्या जागी. मेजर की मायनर ते ठरत नाही, मोकळ्या तारा तंबोऱ्यासारख्या खाली झंकारत राहतात आणि बॅगपाइपच्या धरून ठेवलेल्या स्वरांची आठवण येते. अडचण दोन गाण्यांच्या मध्ये येते. उतरवलेली तार लगेच स्थिर होत नाही, हळूहळू पुन्हा वर सरकते. म्हणून हव्या त्या स्वराच्या थोडं खाली नेऊन मग वर आणून थांबवायची, कधीही वरून खाली येऊन थांबवायची नाही. तार खुंटीवर ताणलेली राहते ती अशानेच. हिवाळ्यात हीटर लावलेल्या कोरड्या सभागृहात लाकूडही हलतं, तेव्हा गिटार निदान अर्धा तास आधी पेटीतून काढून ठेवावी. ०.०१२ इंचाचा तारसंच डॅडगॅडमध्ये थोडा सैल वाटतो, ०.०१३ चा बरा. आणि एका ट्यूनिंगमधली गाणी सलग ठेवावीत. प्रत्येक गाण्याला ट्यूनिंग बदलणारा गायक वीस मिनिटं खुंट्या पिळण्यातच घालवतो.

सीडीची विक्री विश्रांतीतच होते, शेवटी लोक शेवटच्या बसकडे धावतात. टेबल दाराजवळ, सुटे पैसे तयार, आणि विश्रांतीआधीचं शेवटचं गाणं त्याच अल्बममधलं. एवढं केलं तर पुरतं.

उत्पन्नाच्या बाजूला जर्मनीने स्वतंत्र कलाकारांसाठी एक अतिशय चांगली सोय केली आहे आणि ती न घेणारे परदेशी गायक पाहिले की वाईट वाटतं. कलाकारांची सामाजिक विमा संस्था, संक्षेपाने केएसके, १९८३ पासून चालू आहे, कचेरी विल्हेल्म्सहाफेनला. आरोग्य विमा, शुश्रूषा विमा आणि निवृत्तिवेतन यांच्या हप्त्यातला निम्मा भाग कलाकार भरतो, उरलेला निम्मा सरकारी मदत आणि कलाकारांना काम देणाऱ्यांकडून घेतलेला आकार यांतून येतो. निवृत्तिवेतनाचा पूर्ण दर १८.६ टक्के असेल तर गायकाच्या वाट्याला ९.३. पात्र व्हायला वर्षाला किमान ३,९०० युरो निव्वळ कमाई कलेतून हवी, पण व्यवसायाच्या पहिल्या तीन वर्षांत ही अट शिथिल असते. पुढच्या वर्षाच्या कमाईचा अंदाज १ डिसेंबरपर्यंत कळवायचा.

इथे दोन गोष्टी चुकतात. गिटार शिकवणं हे कलेतच धरलं जातं, पण संध्याकाळचे व्हिस्की चाखवण्याचे कार्यक्रम घेणं नाही. जर्मनीत स्कॉटिश माणसाला ते काम सहज मिळतं आणि त्यात पैसा बरा असतो. तो इतका बरा झाला की मुख्य धंदा तोच ठरला, तर विम्याचं संरक्षण धोक्यात येतं. म्हणून अशा संध्याकाळच्या बिलात गाण्याचं मानधन आणि चाखवण्याचं मानधन वेगळ्या ओळींत लिहावं. दुसरी गोष्ट, आयोजकाला भरावा लागणारा आकार. २०२३ ते २०२५ या वर्षांत तो ५ टक्के होता. काही आयोजक तो गायकाच्या मानधनातून कापतात. तो आयोजकाचाच खर्च आहे, कलाकारावर ढकलता येत नाही. नम्रपणे पण लेखी सांगावं.

करातही पासपोर्ट आणि निवास यांची गल्लत होते. परदेशात राहणाऱ्या कलाकाराच्या मानधनातून जर्मन आयोजकाने १५ टक्के कर आणि त्या करावर ५.५ टक्के अधिभार, म्हणजे एकूण १५.८२५ टक्के कापायचे असतात. ६०० युरोंवर ९४.९५ युरो. पण हा नियम राहण्याच्या जागेवर चालतो, नागरिकत्वावर नाही. ब्रिटिश पासपोर्ट पाहून आयोजक कापायला निघतो, तेव्हा बिलावर जर्मन पत्ता आणि जर्मन करक्रमांक ठळक असला की प्रश्न मिटतो. एडिनबराहून फिडल वाजवणाऱ्याला साथीला बोलावलं तर मात्र त्याच्यावर हा नियम लागतो, फक्त एका कार्यक्रमाला २५० युरो किंवा कमी असतील तर कपात नाही. ब्रेक्झिटनंतर त्याला शेंगेन प्रदेशात, म्हणजे युरोपातल्या आपसात सीमा-तपासणी नसलेल्या देशांच्या गटात, १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, हेही दौऱ्याच्या तारखा ठरवतानाच मोजायचं. उलट दिशेने, जर्मनीत राहणारा गायक ग्लासगोत गायला तर तिथे तो परदेशी कलाकार ठरतो आणि वर्षभराचं तिथलं मानधन १२,५७० पौंडांच्या वर गेलं तर २० टक्के कपात होऊ शकते.

सामानाचं एक. गिटार ही आपली वापरातली वस्तू म्हणून सीमा ओलांडते. खोक्यातल्या शंभर सीडी हा विक्रीचा माल, तो जाहीर करावाच लागतो. आणि जुन्या गिटारची पाठ ब्राझिलियन रोझवुडची असेल तर प्रमाणपत्राशिवाय ती ब्रिटनला नेऊ नये. त्या लाकडावर १९९२ पासून सगळ्यात कडक बंधन आहे. २०१९ मध्ये इतर रोझवुडच्या तयार वाद्यांना सूट मिळाली ती याला लागू नाही.

वर्षाचं गणित जानेवारीत अडतं. २५ तारखेला बर्न्सचा जन्मदिवस, जर्मनीतल्या स्कॉटलंडप्रेमी मंडळांना त्या आठवड्यात खरा स्कॉटिश गायक हवा असतो आणि तेव्हाचं मानधन वर्षातलं सगळ्यात चांगलं असतं. नेमका त्याच दिवसांत ग्लासगोत ‘सेल्टिक कनेक्शन्स’ हा संगीत महोत्सव भरतो, १९९४ पासून, आणि त्यातलं डॅनी काइल ओपन स्टेज हे अनोळखी गायकाला मायदेशातल्या आयोजकांसमोर उभं राहायची सगळ्यात उघडी जागा आहे. जर्मन मंडळं नऊ महिने ते दीड वर्ष आधी तारखा ठरवतात, म्हणून निवड आदल्या उन्हाळ्यातच करावी लागते. निदान दर तीन वर्षांतून एकदा बर्न्सची कमाई सोडून ग्लासगोला जावं, असं मला ठामपणे वाटतं. मायदेशात कुणी ओळखतच नसेल तर जर्मनीतल्या आयोजकाला तरी ‘स्कॉटलंडचा गायक’ म्हणून काय सांगायचं?

आणि रात्री कार्यक्रम संपल्यावर, गिटार पेटीत ठेवायच्या आधी, सेटलिस्टचा, म्हणजे झालेल्या गाण्यांच्या यादीचा, कागद भरायचा. ऐन वेळी जोडलेलं गाणं असतं, गाळलेलं असतं, श्रोत्यांनी पुन्हा मागितलेलं असतं. सकाळी ते आठवत नाही. शीर्षक नोंदणीत आहे तसंच, शेजारी लेखकाचं पूर्ण नाव, स्वतःचं असो की बोगलचं.